रेव्हरंड नारायण वामन टिळक

आपल्याला जे सत्य म्हणून गवसले, ते आपल्या माणसांनाही गवसावे, ही इच्छा मनुष्याच्या ठिकाणी स्वाभाविक आहे. ज्याला गोड पाण्याची विहीर सापडली, तो ती एकट्यासाठी झाकून ठेवीत नाही. परंतु ज्याला तहान लागलेली नाही, त्याच्या तोंडाशी बळेच घागर लावणे हेही शहाणपणाचे नव्हे. आपला विश्वास दुसऱ्यास सांगावा, सांगताना त्याच्या मनाचा, भाषेचा आणि श्रद्धेचा मान राखावा, आणि सांगून झाल्यावर त्याला त्याच्या निर्णयासाठी मोकळे सोडावे, ही गोष्ट बोलण्यास सोपी व आचरण्यास फार अवघड आहे. ती आपल्या घरापासून आचरू पाहणाऱ्या एका मराठी कवीचे चरित्र आपण या पाठात पाहणार आहोत. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक निराळे आणि हे निराळे. दोघेही रत्नागिरी जिल्ह्यातले आणि एकाच पिढीतले. पण दोघांच्या वाटा अगदी भिन्न झाल्या.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांची आई जानकीबाई मोठी प्रेमळ व भाविक होती. वडील मात्र स्वभावाने कडक होते. नारायण लहान असतानाच आई वारली आणि घरातला मायेचा ओलावा आटला. तेव्हा त्या कोवळ्या वयातच मुलाने घर सोडले व तो नाशिकची वाट चालू लागला. गोदावरीच्या तीरावर त्याला गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे विद्वान गुरू लाभले. त्यांच्यापाशी त्याने संस्कृतचे अध्ययन केले. काव्याची गोडी त्याला येथेच लागली. पुढे काही काळ इंग्रजी शाळेतही शिक्षण झाले; पण ते पुरे करण्याइतके साधन त्याच्याजवळ नव्हते.

१८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. नाशिकजवळच्या जलालपूर गावातील गोखल्यांची मनकर्णिका ही वधू. ती तेव्हा अवघी अकरा-बारा वर्षांची होती. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. तिचे माहेर अत्यंत कडक सोवळ्याचे. कोणाचा स्पर्श चालतो, कोणाच्या हातचे पाणी चालते, यांचे नियम तेथे श्वासोच्छ्वासाइतके सहज पाळले जात. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कारण पुढे जे घडले, त्याची खरी किंमत याच बालिकेला द्यावी लागली.

नारायणराव बुद्धीने तेजस्वी, वृत्तीने उदार आणि स्वभावाने अतिशय लहरी होते. हाती आलेला पैसा गरजवंताला देऊन ते मोकळ्या हाताने घरी येत. कधी मनात आले की कोणास न सांगता निघून जात. एका नोकरीत ते फार दिवस टिकत नसत. शिक्षकी, कीर्तने, पुराणे, ग्रंथांचे संपादन असे उद्योग करीत ते गावोगाव हिंडले. नागपुरास असताना आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांचा त्यांना आश्रय मिळाला. धर्मविचारांसाठी ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी काढले. जातिभेदाने दुभंगलेला आपला देश एक कसा होईल, माणसामाणसांत बंधुभाव कसा येईल, हा प्रश्न त्यांना सारखा छळत असे. ईश्वर जर सर्वांचा पिता आहे, तर त्याची लेकरे एकमेकांस अस्पृश्य कशी, याचे समाधानकारक उत्तर त्यांस मिळेना.

अशा मनःस्थितीत असताना १८९३ च्या सुमारास ते नोकरीनिमित्त राजनांदगाव संस्थानाकडे निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसले होते. तो काळ इंग्रजी अमलाचा. गोऱ्या माणसाने हिंदी प्रवाशास डब्यातून हुसकून लावावे, असे प्रसंग तेव्हा नवलाचे नव्हते. परंतु या गृहस्थाने आदराने त्यांस जागा करून दिली. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावरून. दोघांचीही त्या विषयात गती असल्यामुळे संभाषण रंगले. ख्रिस्ती धर्माविषयी त्या गृहस्थाने विचारपूस केली ती यानंतर. शेवटी त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली, ती वाचण्याची विनंती केली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. स्थानक आले, दोघे आपापल्या मार्गाने गेले. तो गृहस्थ कोण होता, याचा थांग टिळकांना पुढे कधीच लागला नाही.

या लहानशा प्रसंगात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्या प्रवाशाने टिळकांच्या देवांची निंदा केली नाही. त्यांच्या विद्येचा प्रथम आदर केला, मग प्रश्न विचारला, मग पुस्तक दिले. पुस्तक वाचावे की खिडकीतून फेकून द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार वाचणाऱ्याचा होता, आणि तो त्याच्यापाशीच राहू दिला.

टिळकांनी ते पुस्तक फारशा श्रद्धेने नव्हे, तर दिलेल्या शब्दाखातर वाचावयास घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते आले आणि तेथे त्यांचे मन गुंतले. शत्रूवरही प्रेम करावे, एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, दान करताना डांगोरा पिटू नये, हा उपदेश वाचून आपल्या प्रश्नांची उत्तरे येथे आहेत असे त्यांना वाटू लागले. मुंबईहून निघणाऱ्या एका ख्रिस्ती नियतकालिकाशी त्यांनी टोपणनावाने पत्रव्यवहार सुरू केला. रेव्हरंड जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांचा परिचय झाला. हेच अॅबट पुढे महाराष्ट्रातील संतकवींची चरित्रे व काव्ये इंग्रजीत आणण्यासाठी प्रसिद्धीस आले. अखेर बराच काळ मनाशी झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

आज ही घटना आपण एका वाक्यात वाचतो; त्या काळी ती वीज पडल्यासारखी होती. धर्मांतर करणारा मनुष्य जातीला, घरादाराला आणि स्नेह्यासोबत्यांना एका दिवसात मुके. पण टिळकांनी निर्णय घेतला तो स्वतःच्या विवेकबुद्धीला स्मरून. त्याचा आघात मात्र सर्वांत अधिक झाला तो लक्ष्मीबाईंवर. नवरा जिवंत, परंतु त्याच्या घरी जाता येत नाही. सौभाग्य आहे, परंतु संसार नाही. कडेवर चार वर्षांचा मुलगा दत्तू. त्या माउलीने किती रात्री रडून काढल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. नातलगांनी तिला आधार दिला व ती पंढरपुरास जाऊन राहिली. विरहाचे दुःख हलके करण्यासाठी तिने याच काळात कविता रचण्यास आरंभ केला.

टिळकांपुढे आता मोठी कसोटी उभी राहिली. त्यांना जे सत्य वाटले, ते सर्वांत आधी आपल्या पत्नीस सांगावे अशी त्यांची तळमळ होती. कायद्याचा, हक्काचा किंवा मुलाच्या ताब्याचा बडगा दाखवून तिला आपल्याकडे ओढून आणण्याचा मार्ग एखाद्याने धरला असता. टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. त्यांनी पत्रे पाठविली, भेटी घेतल्या, आपले मन उघड केले आणि वाट पाहिली. त्यांच्यासारख्या उतावळ्या मनुष्याला वाट पाहणे हीच मोठी तपश्चर्या होती.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पतीजवळ आल्या. पण हिंदू म्हणूनच आल्या. त्यांचे सोवळे सुटले नव्हते. त्यांचे पाणी वेगळे, त्यांचा स्वयंपाक वेगळा. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकविणाऱ्या पंडिताच्या घरी त्याचीच पत्नी त्याच्या हातचे पाणी घेत नाही, हे दृश्य पाहून लोक काय म्हणाले असतील! पण टिळकांनी तिच्या नियमांचा उपहास केला नाही. तिचे आचार तिला पाळता यावेत, अशी व्यवस्था त्यांनी राहू दिली. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या मनातच विचारांची घुसळण सुरू झाली. देवाने माणसे निर्माण केली, मग जाती कोणी निर्माण केल्या, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. आणि जातिभेद हा मनुष्यकृत आहे, असे उत्तर त्यांच्या अंतःकरणाने दिले. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. पुढे १९०० साली, पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. ही पाच वर्षे टिळकांनी घाईने ओलांडण्याचा प्रयत्न केला असता, तर कदाचित पत्नी त्यांच्या घरी आली असती. परंतु तिचे मन त्यांना मिळाले नसते.

घराबाहेरही टिळकांची रीत हीच राहिली. ती किती वेगळी होती हे समजण्यासाठी त्या शतकाचे वातावरण लक्षात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात धर्मावरून कडाक्याचे वाद झाले. काही मिशनरी हिंदूंच्या देवदेवतांवर टीका करीत आणि हिंदू पंडित त्यांना तितक्याच तिखटपणे उत्तर देत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे मिशनऱ्यांशी झालेले जाहीर वाद प्रसिद्धच आहेत. अशा वादांत बुद्धीला धार येते हे खरे. परंतु जिंकणारा आनंदतो, हरणारा दुखावतो, आणि दोघांचीही मने पूर्वीपेक्षा अधिक दूर जातात. टिळकांनी पाहिले की, मराठी माणसाचे हृदय वादाने उघडत नाही. ते भजनाने उघडते.

आणखी एक अडचण होती. मराठी ख्रिस्ती मंडळीत जी गीते गायिली जात, त्यांपैकी पुष्कळशी इंग्रजीवरून भाषांतरलेली व विलायती चालींवर बसविलेली असत. शब्द मराठी, पण त्यांचा ठेका परका. त्यामुळे शेजारपाजारच्या लोकांना ख्रिस्ती धर्म म्हणजे साहेबाचा धर्म वाटे. आणि ख्रिस्ती झालेला मनुष्य म्हणजे आपल्या देशाला अंतरलेला मनुष्य, अशी समजूत होई. टिळकांना हे सहन होत नसे. येशूचा जन्म आशिया खंडातला. मग त्याचे नाव घेण्यासाठी मराठी माणसाने आपली बोली, आपली चाल, आपला पोशाख का टाकावा? त्यांनी ज्ञानदेव, नामदेव, तुकाराम यांचा अभंग हाती घेतला. ओव्या, पदे, आरत्या रचल्या. देशी रागतालांत म्हणता येतील अशी शेकडो भक्तिगीते त्यांनी लिहिली. मराठी ख्रिस्ती मंडळीत ती अद्यापही गायिली जातात.

कीर्तनाचा प्रकारही त्यांनी असाच जवळ केला. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजविली होती; टिळकांनी तिला आपल्या काव्याचे बळ दिले. तेच वीणा-मृदंग, तेच टाळ, तोच पूर्वरंग आणि उत्तररंग. आख्यान तेवढे येशूच्या चरित्राचे. ऐकणाऱ्यांत हिंदू असत, ख्रिस्ती असत. कीर्तनाला येणाऱ्याने काही कबूल करावे लागत नाही; त्याने ऐकावे, पटले तर मनात ठेवावे, न पटले तर बुक्का झटकून घरी जावे. त्यामुळे ऐकणाऱ्यास कोठे संकोच वाटत नसे.

संतांविषयी टिळकांच्या मनात अपार आदर होता. धर्म बदलला म्हणून पूर्वजांचे ऋण बुडवावे, असे त्यांना कधी वाटले नाही. तुकोबांच्या भक्तीच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. जो मनुष्य अशा कृतज्ञतेने बोलतो, त्याचे म्हणणे इतरांस मान्य होवो वा न होवो, त्याच्यावर राग धरणे कठीण असते.

१९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि लोक त्यांना रेव्हरंड टिळक म्हणू लागले. १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी केले. पण त्यांची लेखणी केवळ धर्मापुरती नव्हती. फुले, पाखरे, मुले, आई-बाप, घरसंसार आणि देश हे त्यांच्या आवडीचे विषय. म्हणूनच महाराष्ट्राने त्यांना फुलामुलांचे कवी असे प्रेमाचे नाव दिले. मरणोन्मुख पक्षिणीच्या दुःखावरील त्यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता मुलांच्या कित्येक पिढ्यांनी डोळे पुसत पाठ केली. ती म्हणताना कवीचा धर्म कोणता, हे कोणाच्या मनातही येत नसे.

टिळकांच्या घराचे दार सर्वांस उघडे असे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना या दांपत्याने जातपात न पाहता जवळ केले. याच घरात काही काळ एक तरुण कवी येऊन राहिला. त्याचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्याला बालकवी ही पदवी मिळाली, तोच हा मुलगा. टिळकांनी त्याच्यावर पुत्रवत माया केली. त्याच्या प्रतिभेला खतपाणी घातले. ख्रिस्ती उपदेशकाच्या छताखाली राहूनही बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले, आणि त्यामुळे टिळकांचे त्यांच्यावरील प्रेम तिळभरही उणे झाले नाही. धर्म स्वीकारण्याच्या अटीवर दिलेले प्रेम हे प्रेम नसून व्यापार होय. टिळकांच्या घरी हा व्यापार नव्हता.

उतारवयात त्यांच्या मनाने आणखी एक झेप घेतली. मिशनचा पगार घेऊन उपदेश केला, तर लोक म्हणणार की, हा पोटासाठी बोलतो. म्हणून १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरविले. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा एक बंधुसंघ स्थापन केला. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे, त्यांना या दरबारात जागा होती. आणि ज्यांनी तो घेतलेला नाही, परंतु ज्यांना ख्रिस्ताविषयी ओढ वाटते, त्यांनाही तितक्याच मानाची जागा होती. मनुष्याचे अंतःकरण ईश्वर जाणतो; त्याची मोजदाद नोंदवहीतील नावांनी होत नाही, हे त्यांना त्यातून दाखवावयाचे होते. हा विचार त्यांच्या काही ख्रिस्ती बांधवांस रुचला नाही. पण टीका झाली तरी टिळक आपल्या विचारापासून ढळले नाहीत. दुर्दैवाने या कार्यास पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे एक काम अपुरे राहिले होते. येशूचे समग्र चरित्र मराठी ओवीत सांगणारे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी आरंभिले होते. पण आरंभीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. ज्या स्त्रीने एके काळी या धर्मापायी रक्ताचे अश्रू ढाळले होते, आणि जिला शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नव्हते, तिनेच उरलेले बहुतेक अध्याय रचले. १९३८ साली हा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याही हयात नव्हत्या. त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. त्यांत त्यांनी पतीचे गुण सांगितले, तसेच त्यांचे दोषही मिस्कीलपणे, कोठेही न लपवता सांगितले. त्यांचा लहरीपणा, त्यांचा राग, त्यांचा विसरभोळेपणा सारे त्यात आहे. मराठी वाङ्मयातील श्रेष्ठ आत्मचरित्रांत या पुस्तकाची गणना होते. ते वाचून जाणवते की, लक्ष्मीबाई पतीच्या मागे आंधळेपणाने गेल्या नाहीत. त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीने चालत गेल्या. आणि त्यांना तसे चालू देणारा मनुष्य त्यांच्या शेजारी होता.

आपल्या देशात अनेक धर्मांचे लोक शेजारी शेजारी राहतात. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने प्रत्येकाला आपल्या विवेकाप्रमाणे धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादेत राहून भोगावयाचे आहे. परंतु घटनेने अधिकार दिला, तरी तो गोडीने कसा वापरावा हे माणसांनीच शिकावे लागते. जो आपला विश्वास सांगतो, त्याने दुसऱ्याच्या विश्वासाची अवहेलना करू नये. जो ऐकतो, त्याने सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असेल तर त्यास शत्रू मानू नये. दोघांत मतभेद राहिले, तरी स्नेह राहू शकतो.

टिळकांनी आपला धर्म मनापासून सांगितला. तो सांगताना त्यांनी मराठी भाषा सोडली नाही, संतांचे उपकार विसरले नाहीत, आणि देशावरील प्रेम उणे होऊ दिले नाही. ज्यांना त्यांचे म्हणणे पटले, ते त्यांच्याबरोबर गेले; ज्यांना पटले नाही, त्यांनीही त्यांच्या कविता आपल्या मुलांना शिकविल्या. ख्रिस्ती मंदिरात त्यांचे अभंग गायिले गेले आणि शाळाशाळांत त्यांची फुलापाखरांची गाणी म्हटली गेली. आपले मत न लपविणारा आणि दुसऱ्याचे मन न दुखविणारा माणूस दोन्ही ठिकाणी आपला वाटतो.